विमानाच्या शेंपटीची कथा

इंग्लंडांत मॅम्सबरी येथील मठांत अकराव्या शतकाच्या आरंभीं आयल्मर नांवाचा एक साधु राहत असे. हातापायांना पंख बांधून त्यानें मनोऱ्यावरून उडी घेतली. कांहीं अंतर तो हवेंत तरलाहि. परंतु पुढें तोल जाऊन तो खालीं कोसळला आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच मठांतील विल्यम या इतिहासकारानें पुढील शतकांत ही हकीकत नोंदून ठेविली आहे. आपल्या फजितीचें कारण आयल्मर स्वतःच सांगत असे: शेंपटी लावावयाची राहून गेली! पंख शरीराला उचलून धरतो हें सर्वांना दिसतें. परंतु उचललेलें शरीर सरळ कोणी ठेवावयाचें, हा प्रश्न त्या साधूला त्याच्या मोडक्या पायांनीं शिकविला. त्याचें समाधानकारक उत्तर मिळावयाला पुढें जवळजवळ आठशें वर्षें लागलीं, आणि तें मिळालें तें एका खेळण्यासारख्या प्रतिकृतींत.

यॉर्कशायरमधील ब्रॉम्प्टनचा जमीनदार सर जॉर्ज केयली यानें १७९९ सालीं चांदीच्या एका चकतीवर उडत्या यंत्राची आकृति कोरली. तींत पंख स्थिर होता आणि मागें निराळी शेंपटी होती. पंखांची फडफड हेंच उड्डाणाचें मर्म, ही जुनी समजूत येथें सुटली. १८०४ सालीं त्यानें ती कल्पना प्रत्यक्षांत आणिली. सुमारें पांच फूट लांबीच्या काठीवर त्यानें एक पतंग पंख म्हणून किंचित् तिरपा बसविला. मागील टोंकाला एक उभें व एक आडवें पान एकमेकांत घालून केलेली शेंपटी जोडली. आणि तोल साधण्यासाठीं सरकवितां येणारें वजन ठेविलें. शेंपटीचा सांधा असा होता कीं ती हवी तिकडे वळवितां यावी. टेंकडीवरून सोडलेलें हें यंत्र संथपणें तरंगत खालीं उतरे. आजच्या विमानाचा सांगाडा या काठीपतंगांत प्रथम दिसला.

यांतील तत्त्व बाणाच्या पिसांचें आहे. उभें पान नाकाला डावीउजवीकडे भरकटूं देत नाहीं. आडवें पान त्याला वरखालीं डुलूं देत नाहीं. शेंपटी जितकी मागें, तितका तिचा जोर तरफेच्या न्यायानें अधिक. परंतु तोच न्याय वजनालाहि लागू पडतो. तोलबिंदूपासून नाक एक वीत आणि शेंपटी तीन वीत दूर असेल, तर शेंपटींत वाढलेल्या एका ग्रॅमसाठीं नाकांत तीन ग्रॅम शिसें भरावें लागतें. म्हणून शेंपटी बळकट हवी, पण हलकी हवी; हा पेंच प्रतिकृति बनविणाऱ्याला तेव्हांपासून आजपर्यंत सुटलेला नाहीं.

केयलीची विद्या पुढें नेली ती पॅरिसच्या आल्फोन्स पेनो या तरुणानें. १८५० सालीं जन्मलेला पेनो हा एका नौसेनाधिकाऱ्याचा पुत्र. परंतु कंबरेच्या सांध्याच्या विकारामुळें तो पेशा त्याला बंद झाला. ज्याला चालणेंहि कष्टाचें, त्यानें आपलें सारें लक्ष उड्डाणाकडे लाविलें. १८ ऑगस्ट १८७१ रोजीं ट्विलेरीच्या बागेंत त्यानें आपलें ‘प्लॅनोफोर’ जाणत्या लोकांसमोर सोडलें. वजन अवघें सोळा ग्रॅम. पिळलेल्या रबराच्या बळावर मागील पंखा फिरे. सुमारें अकरा सेकंदांत तें चाळीस मीटर गेलें. रहस्य शेंपटींत होतें. तिचें आडवें पान पेनोनें पंखाच्या मानानें थोडें खालच्या कोनांत बसविलें होतें. त्यामुळें नाक झुकून वेग वाढला कीं शेंपटी खालीं दाबली जाई व नाक वर येई, आणि वेग मंदावला कीं उलट घडे. यंत्र आपला तोल आपणच सांवरी.

१८७६ सालीं त्यानें माणसें नेणाऱ्या विमानाचा आराखडा नोंदविला; त्यांत पोटांत घेतां येणारीं चाकें होतीं. परंतु पैसा देणारा कोणी भेटला नाहीं. टीका मात्र झाली. १८८० सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आपले आराखडे एका लहानशा शवपेटींत घालून आंरी जिफार या यंत्रज्ञाच्या घरीं पोंचविले आणि आपल्या जीवनाचा अंत केला.

त्याचें काम मात्र खेळण्यांतून जगलें. १८७८ सालीं अमेरिकेंत मिल्टन राइट यांनीं आपल्या मुलांसाठीं रबराच्या पिळावर उडणारें एक खेळणें आणिलें; तें पेनोच्याच धर्तीचें होतें. तीं मुलें म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल. त्यांच्या १९०० व १९०१ सालच्या ग्लायडरांना मागें शेंपटी नव्हती. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनीं प्रथम दोन उभीं पानें स्थिर बसविलीं. परंतु वळतांना यंत्र कधीं कधीं गरकन् फिरून वाळूंत रुते. शेवटीं तेथें एकच फिरतें पान आलें, आणि वळण्याची विद्या त्यांच्या हातीं आली.

वजनाच्या पेंचावर पुढें सांच्याचा उपाय निघाला. १९५७ सालीं जर्मनींत श्टुटगार्टच्या तरुणांनीं केलेलें ‘फीनिक्स’ ग्लायडर उडालें. त्याचें अंग कांचतंतु व राळ यांचें असून मध्यें हलक्या बाल्सा लांकडाचा थर होता. तीच रीत प्रतिकृति बनविणाऱ्यांनीं उचलली. प्रथम लांकडाचा नमुना घांसून गुळगुळीत करावयाचा, त्यावर मेण चोळून दोन अर्धे सांचे घ्यावयाचे, त्यांत राळेंत भिजलेलें पातळ कापड बसवावयाचें, आणि वाळल्यावर दोन्ही अर्धुकें जोडावयाचीं. नमुन्यांत केंसाएवढा दोष राहिला तरी तो प्रत्येक शेंपटींत उतरतो. म्हणून खरा वेळ नमुन्यावरच जातो.

मुलाच्या हातांतील अशा खेळण्याला हंसण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं क्षणभर थांबावें. पेनोचें यंत्रहि खेळणेंच होतें.