थापटण्याची कुळकथा

कुंभाराचे थापटणे म्हणजे मुठीत धरता येईल असा लाकडाचा चपटा तुकडा. चाकावरून उतरलेले मडके जाड आणि बसके असते. ते जरा सुकले की कुंभार एका हाताने आतून गोल दगड लावतो, दुसऱ्या हाताने बाहेरून थापटणे मारत राहतो, आणि मडक्याची भिंत पातळ होत पोट फुगत जाते. भाजून निघालेले मडके पारखायला मात्र थापटणे लागत नाही. बाजारात बाई मडके उचलते, बोटाच्या पेराने टकटक करते, खणखणीत वाजले तर पिशवीत, बद्द वाजले तर परत ढिगात.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट या दोन कामांची सरमिसळ करते. संतमंडळी गोरोबा कुंभारांच्या घरी जमली होती. वयाने सगळ्यांत वडील, म्हणून गोरोबा सगळ्यांचे काका. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, कच्चे मडके कोणते, पक्के कोणते, ते याने कळते. मग आम्हीही मडकीच की, मुक्ताबाई म्हणाली, बघा आमच्यात कच्चे कोण ते! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव मात्र चिडले, कळवळले. काकांनी निकाल देऊन टाकला: हे मडके कच्चे.

नामदेव म्हणजे प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा, त्याचा लाडका. तो तक्रार घेऊन पंढरपूरला गेला, तर देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि त्याला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. गुरू मिळाला, मडके भाजून निघाले. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदे आहेत.

ही गोष्ट घडली की रचली, या वादात मला रस नाही. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. वारकरी परंपरा नामदेवांना आपला आद्य कीर्तनकार मानते आणि त्याच आद्य कीर्तनकाराची अशी चारचौघांत झालेली फजिती शेकडो वर्षे लेकराबाळांना सांगत आली आहे. दुसऱ्या एखाद्या घराण्याने मूळपुरुषाची ही कथा कधीच पुसून टाकली असती. इथे मात्र बोलणाऱ्याच्या अधिकाराचा उगमच त्याच्या नापास होण्यात आहे. आणि नापास करणारा कोण, तर रोज माती तुडवणारा कुंभार. शास्त्री नाही, मठपती नाही.

श्रोत्याचे मन वळवायचे तर तीन गोष्टी लागतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले: बोलण्यातला युक्तिवाद, ऐकणाऱ्याच्या भावना आणि बोलणाऱ्याची विश्वासार्हता. तिघांत त्याने शेवटचीला मोठे वजन दिले. पण ही विश्वासार्हता भाषणातूनच उभी राहिली पाहिजे, वक्त्याबद्दल लोकांचे आधीच काय मत आहे त्यावरून नव्हे, असेही बजावले. गंमत अशी की ग्रीकांना तेर चांगले माहीत होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे ‘तगर’ येते. तिथले कापड गाड्यांवर लादून वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदरात जाई. ते तगर म्हणजे आजचे तेर. त्या गाड्यांतून येताना अ‍ॅरिस्टॉटलची पोथी काही आली नसणार, आणि आली असती तरी तेरकरांनी या मुद्द्यावर त्याच्याशी भांडण काढले असते. तेरच्या हिशेबात परीक्षा तोंड उघडण्याआधी होते.

मराठी कीर्तनाची सगळी बांधणी मला या एका आग्रहातून निघालेली दिसते. नारदीय कीर्तनात नमन झाले की पूर्वरंग येतो. एक अभंग किंवा पद घ्यायचे, त्यातला सिद्धांत मांडायचा, शंका काढायच्या, फेडायच्या. हे बुद्धीचे काम. मग मध्ये नामाचा गजर, बुवांना बुक्का आणि हार. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. तोच सिद्धांत आता कुणाच्या तरी आयुष्यात घडताना दिसतो आणि मघाशी माना डोलावणारे पदराने डोळे पुसू लागतात. क्रम उलटा केला तर? आधी रडवून मग सिद्धांत सांगितला, तर रडणारा माणूस काहीही कबूल करतो. जुन्या बुवांनी हा मोह टाळला, यात मला त्यांची सभ्यता दिसते.

वारकरी कीर्तनात असे दोन स्वच्छ भाग नसतात, पण एक जास्तीची अट असते. बुवांच्या स्वतःच्या शब्दाला तिथे फार किंमत नाही. एक विधान केले की लगेच त्याला प्रमाण लागते. ज्ञानेश्वरीची ओवी, तुकोबांचा, नामदेवांचा चरण. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली जातात. शब्द म्हणजे जो जाणतो आणि खोटे बोलत नाही अशा माणसाचा शब्द. पंडितांच्या वादसभेतली ही चीज कीर्तनाने गावच्या पारावर आणली आणि तिला चाल लावली. प्रमाणे तोंडपाठ असणे ही कीर्तनकाराची पहिली कसोटी झाली. 1917 साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून हे पाठांतर रीतसर शाळेत बसूनही होऊ लागले.

गाडगेबाबांनी ही चौकट वाकवली, पण मोडली नाही. ते संध्याकाळी कीर्तन करायचे, त्याआधी दिवसभर हातात खराटा घेऊन तेच गाव झाडून काढायचे. रात्री समोर बसलेल्यांनी त्यांना सकाळी आपल्या दारातला केर उचलताना पाहिलेले असायचे. थापटण्याची परीक्षा तिथेच उरकली जायची. मग बाबा प्रश्नांमागून प्रश्न विचारत, उत्तरे लोकांच्याच तोंडून काढत. कर्ज काढून लग्न करावे का, देवाला बकरे कापावे का. आपणच दिलेल्या उत्तरांनी अडकलेला माणूस वाद कुणाशी घालणार?

भावनेची सर्वांत अवघड परीक्षा मात्र खुद्द गोरोबांच्या चरित्रात आहे. भजनात दंग होऊन चिखल तुडवताना रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना कळले नाही. पुढे बायकोला हात न लावण्याची विठ्ठलाची शपथ मोडल्याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत आले, मूलही रांगत आले. तेरला, तेरणा नदीकाठी, गोरोबांच्या समाधीपाशी चैत्रात यात्रा भरते. समाधीची तिथी चैत्र वद्य त्रयोदशी, परंपरेने साल 1317. या दिवसांत हे आख्यान हमखास लागते. लेकरू गेल्याचा प्रसंग कच्चा कीर्तनकार ताणत नेतो, आवाज फोडतो, हार्मोनियमवाल्याला खूण करतो आणि बाया रडल्या की आपले काम झाले समजतो. मुरलेला बुवा रडू ओसरायची वाट बघतो आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न आपणच विचारतो: ही कसली भक्ती, पोटच्या पोराचा आवाज ऐकू येऊ नये? शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, मग उत्तर द्यायचे. उत्तर प्रत्येक बुवाचे निराळे असते आणि सगळीच पटतात असे नाही. मला स्वतःला अजून एकही पूर्ण पटलेले नाही. पण प्रश्न टाळून पुढे गेलेल्या बुवांची नावे मला आठवत नाहीत, थांबलेल्यांची आठवतात.

आता तारखांसाठी वर्षभर आधी बोली लागते, पाकिटाचा आकडा गावभर होतो, कीर्तनातले विनोद तेवढे कापून मोबाइलवर फिरतात. या तक्रारी खऱ्या आहेत. तरी एक व्यवस्था शाबूत आहे. बुवांनी प्रमाणाचा चरण उचलला की मागे उभे असलेले टाळकरी तो झेलतात आणि पुरा करतात. त्यांत आयुष्यभर गाथा म्हणत आलेले शेतकरी असतात. बुवांनी एखादा शब्द चुकवला, तर टाळकरी बरोबर शब्द गातात, पखवाजासकट, चार आवर्तने. माइक बुवांच्या हातात असतो, पण पुढच्या आवर्तनाला त्यांना टाळकऱ्यांचाच शब्द घ्यावा लागतो.