लोटलीची रोजनिशी

रोज रात्री दिवसाचं एक चित्र काढायचं, खाली दोन ओळी लिहायच्या आणि झोपायचं. आमच्या भाचीला या प्रकाराचं सध्या भारी वेड आहे. ती फोनवरच काढते आणि फोनवरूनच जगाला दाखवते. तिच्या लेखी या सगळ्याचा आदिपुरुष म्हणजे अमेरिकेतला जेम्स कोचाल्का. या गृहस्थाने ऑक्टोबर १९९८ मध्ये 'अमेरिकन एल्फ' नावाची चित्र-रोजनिशी सुरू केली, २००२ पासून ती इंटरनेटवर दिली आणि २०१२ च्या शेवटच्या दिवशी थांबवली. बायको, मांजर, सर्दी, रुसवेफुगवे, जे घडेल ते. चौदा वर्षं! मानलं पाहिजे. पण आदिपुरुषच शोधायचा तर आणखी अर्धं शतक मागे जावं लागेल, आणि तेही फार लांब नाही. गोव्यात, सासष्टीतल्या लोटली गावापर्यंत.

मारिओ मिरांडा. (त्याला अहो-जाहो करणं मला जमत नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांनी चालवून घ्यावं.) नाव घेतलं की लोकांना मिस निंबूपाणी आठवते, ऑफिसातली मिस फोन्सेका आठवते, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आठवतात. पण माझा जीव जडला तो या सगळ्याच्या आधीच्या मारिओवर.

जन्म २ मे १९२६, दमणचा. घराणं लोटलीचं, धर्मांतराआधीचं आडनाव सरदेसाई असं सांगतात. पोरगा घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. आईने काय केलं, तर एक कोरी वही आणून त्याच्या हातात दिली. त्या वहीला तो 'डायरी' म्हणू लागला आणि डायरी हाच त्याचा चित्रकलेचा वर्ग झाला, कारण रीतसर शिक्षण त्याने कधी घेतलंच नाही. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढून बोलणी मात्र खाल्ली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समधून बी.ए. केलं ते इतिहास घेऊन. घरच्यांच्या आग्रहाखातर आर्किटेक्चरला गेला, तिथे मन रमलं नाही.

त्याच्या १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी अलीकडे पुस्तकरूपात छापल्या आहेत. जाडजूड, हातात धरून दमायला होतं अशा. तेविशी-पंचविशीतला, अजून धड पोटापाण्याला न लागलेला मुलगा रोजचा दिवस काढत बसलाय. फेस्त, लग्नं, मयतं, दारावर येणारी माणसं, मित्रांच्या मैफली, मुंबईच्या वाऱ्या, पोरींकडे चोरून बघणं आणि काहीच न घडलेले पावसाळी दिवस. हे शेवटचे मला सर्वांत आवडतात. काही घडलं नाही म्हणून पान कोरं नाही ठेवलेलं!

आता यातला इतिहास कुठे आहे ते सांगते. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली. लोटली तिथून दहाएक किलोमीटरवर. म्हणजे डायऱ्या लिहिल्या जात होत्या तेव्हा गोवामुक्तीची ठिणगी पडून गेलेली होती आणि राज्य मात्र पोर्तुगीजांचंच होतं. तरीही गोवा आणि मुंबई हा त्या माणसांच्या दृष्टीने एकच संसार होता. पोरं शिकायला मुंबईत, नोकऱ्या मुंबईत, धोबीतलाव-गिरगावात गावोगावच्या 'कुडी', म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेली राहायची ठिकाणं. सणाला बोटीने नाहीतर रेल्वेने घरी. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने नाकेबंदी आवळली, रेल्वेची वाट बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हे दुखणं राहिलं. मारिओच्या वह्या आहेत त्या नेमक्या याच्या आधीच्या. पुढे हा रस्ता बंद होणार आहे हे काढणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून तो रस्ता इतका सहज आलाय. आठवणी लिहिणाऱ्याला ही सोय नसते. त्याला पुढचं सगळं माहीत असतं आणि तो नकळत त्या दिशेने गोष्ट वळवतो.

इतिहासाच्या पुस्तकांत व्यंगचित्र आलं तर ते बहुधा राजकीय असतं. नेहरू, चर्चिल, कोणाच्या तरी खांद्यावर कोणीतरी. त्यांचं मोल आहेच. पण ती चित्रं काढताना चित्रकाराने महत्त्वाचं काय ते आधीच ठरवलेलं असतं. रोजनिशीत ती निवड फारशी नसते. बुधवार आला की बुधवार काढायचा. त्यामुळे भलत्याच गोष्टी शिल्लक राहतात. छत्री कशी धरायचे, मयताला बायका कुठे बसायच्या, बल्कांवात म्हाताऱ्या काय करायच्या.

हे मी कुठे बसून वाचलं तेही सांगितलं पाहिजे, कारण त्याचा मुद्द्याशी संबंध आहे. जुलै महिना, भंडारदरा, शेंडी गावातली एक खोली. बाहेर असा पाऊस की समोरचं धरण दिसेना. प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि पुरं झालं १९२६ मध्ये, म्हणजे मारिओच्या जन्माच्याच वर्षी. उंची २७० फूट. नाव तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. हे सगळं लगेच सापडतं. पण सोळा वर्षं इथे दगड वाहणारी माणसं दुपारी कुठे बसून भाकरी खायची, अशा पावसात काय पांघरायची, पोरं कुठे निजवायची? त्याचं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. काढायला कोण होतं? साहेबाकडे नकाशाचा कागद होता, मजुराकडे वही नव्हती. मारिओच्या आईला वही परवडली, घर मोठं होतं, पोराला मोकळा वेळ होता. हेही त्या डायऱ्या वाचताना विसरून चालत नाही. त्या वरच्या माडीवरून पाहिलेल्या गोव्याच्या डायऱ्या आहेत. नजर प्रेमळ आहे, पण माडीवरून आहे.

पाऊस जरा ओसरल्यावर रतनवाडीच्या रस्त्याने गेलो तर खाचरांत आवणी चालली होती. वाकलेल्या बायकांच्या पाठीवर प्लास्टिकचे कागद, निळे नि पिवळे. अख्ख्या रांगेत इरलं एकच दिसलं, एका आजींच्या डोक्यावर. रस्त्यावर गाड्या थांबवून लोक फोटो काढत होते, धबधब्याचे. इरल्याचा कोणी काढल्याचं मी पाहिलं नाही.

भाचीला मी डायऱ्यांचं सांगितलं तेव्हा तिचा प्रश्न चटकन आला. "मावशी, पण बघायला कोणी नव्हतं तर रोज कशासाठी काढायचा?" प्रश्न चांगला आहे. रोज काढण्याची दुसरी मोठी तऱ्हा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आर. के. लक्ष्मण यांची. १९५१ पासून 'टाइम्स'मधला त्यांचा तो छोटा चौकोन, पन्नासहून जास्त वर्षं. त्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ बांधलेली होती. वाचक वाट पाहतोय, संपादक वाट पाहतोय, चहा निवतोय. मारिओही पुढे त्याच 'टाइम्स'च्या इमारतीत आला (पहिल्यांदा त्याला तिथून नकार मिळाला होता). पण तिथे पोचण्याआधी त्याच्याकडे वर्षानुवर्षांची अशी पानं साठलेली होती जी कोणीही मागितलेली नव्हती. मला वाटतं, त्याच्या नंतरच्या चित्रांतली ती तुडुंब गर्दी तिथूनच आली. बाजार काढला तर पन्नास माणसं, आणि पन्नासही आपापल्या कामात. नमुना म्हणून एकही उभा केलेला नाही. लक्ष्मण एका माणसाकडून देशाचं बोलून घेत, मारिओ गल्लीतल्या प्रत्येकाला त्याचं त्याचं काम करू देतो.

भाचीचं म्हणजे या दोघांच्या मधलंच काहीतरी. मागितलेलं कोणी नाही, पण रात्री टाकलं की पाच मिनिटांत कोणीतरी अंगठा दाखवतं. त्यामुळे हल्ली तिच्या चित्रांत गमतीचे दिवस वाढलेत आणि कंटाळवाणे दिवस कमी झालेत, असं माझं आपलं निरीक्षण. (ती हे वाचणार आहे. वाचू दे.)

१९५९ च्या सुमारास मारिओ गुल्बेंकियन फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर लिस्बनला गेला, मग काही वर्षं लंडनला, पुन्हा मुंबई, आणि शेवटी लोटली. ११ डिसेंबर २०११ ला तो तिथेच गेला, आपल्या घरी. १९५१ ची डायरी मी पुन्हा उघडली आहे आणि आता जूनपर्यंत आले आहे. पाऊस सुरू झालाय.