स्विच बंद, ठिणगी चालू : विमानातल्या मॅग्नेटोची गोष्ट

आज एका डब्याबद्दल बोलू. सोललेल्या नारळाएवढा असेल. फ्लाइंग क्लबमधल्या सेस्ना १७२ चं इंजिन उघडलं की मागच्या बाजूला असे दोन डबे दिसतात. हे मॅग्नेटो. उडत्या विमानाची बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, रेडिओ आणि दिवे बंद पडले, तरी इंजिन चालतच राहतं. कारण प्लगला लागणारी वीज मॅग्नेटो स्वतः तयार करतो.

घरी कधी लूना असेल तर हा प्रकार तुम्हाला नवीन नाही. चुंबक फिरतो, तांब्याच्या कॉइलमध्ये वीज येते. नेमक्या क्षणी सीबी पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि तिच्या शेजारच्या हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या कॉइलमध्ये एकदम हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तोच प्लगवर ठिणगी होऊन उडतो. विमानात हेच काम जरा जास्त काळजीने केलेलं असतं, एवढाच फरक.

रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये श्टुटगार्टला आपला पहिला मॅग्नेटो बनवला, तो जागेवर बसवलेल्या इंजिनासाठी. तो कमी दाबाचा होता. १९०३ मध्ये राइट बंधू उडाले तेव्हा त्यांच्या इंजिनातही कमी दाबाचाच मॅग्नेटो होता, आणि चक्क स्पार्क प्लगच नव्हते! सिलिंडरच्या आत दोन टोकं जुळायची आणि सुटायची, त्यातून ठिणगी. जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग ही जोडी बॉशच्याच गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये जमवली होती. ती इतकी चालली की १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमधले बहुतेक मॅग्नेटो जर्मनीतून येत होते. म्हणजे ज्या देशाशी लढायचं, आपल्या विमानातली ठिणगी त्याच देशाची. मग ब्रिटिशांना घाईघाईने स्वतःचे कारखाने उभारावे लागले.

आता दोन मॅग्नेटो कशाला? एक दगा देतो म्हणून. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोघांचे मालक वेगळे. १९३० ची एक गोष्ट मला फार आवडते. भारत ते इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. २५ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. दोघांकडे जिप्सी मॉथ. चार सिलिंडर, म्हणजे आठ प्लग. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकलेला, प्लगसाठी! जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. शर्यत अस्पीने जिंकली, पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा माणूस मोठाच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळी विमानाबरोबर प्लग जवळ बाळगायचे, कारण ते खराब होणार हे गृहीतच होतं.

आजही उडण्याआधी पायलट हीच शंका तपासतो. सेस्नात इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवायचं आणि किल्ली ‘बोथ’वरून ‘राइट’ला, परत ‘बोथ’ला, मग ‘लेफ्ट’ला. एकाच प्लगवर ज्वाला एकाच बाजूने पसरते, जाळायला वेळ जास्त लागतो, म्हणून फेऱ्या थोड्या पडतात. जुन्या १७२ मध्ये १२५ पर्यंत घट चालते, आणि दोन्ही बाजूंतला फरक ५० च्या आत हवा.

खरी गंमत घट कशी होते त्यात आहे. इंजिन थरथरत, अडखळत फेऱ्या पडल्या तर बहुधा एखादा प्लग किंवा त्याची वायर गेली. बरेचदा नुसतं शिसं किंवा काजळी साठलेली असते, कारण विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. मग मिश्रण पातळ करून, इंजिन थोडं वर चढवून मिनिटभर जाळलं की प्लग साफ होतो. पण इंजिन अगदी मऊ चालतंय आणि तरी घट भरपूर, तर प्लग उगाच काढत बसू नका. ठिणगी उशिरा पडत असणार, टायमिंग बघा. प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं तापमान दाखवणारं मीटर असेल तर काम आणखी सोपं: एका मॅग्नेटोवर येताच सगळ्यांचं तापमान चढतं, आणि ज्याचा प्लग मेलाय त्या एकट्याचं कोसळतं.

(मध्येच एक कुरबुर. १९७७ ते ८० च्या १७२ एन मध्ये दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात, एकाच दांड्यावर फिरणारे आले. जागा आणि पैसा वाचला. पण तो दांडा तुटला तर दोन्ही गेले! मग दोन ठेवून मिळवलं काय?)

आणि घट झालीच नाही तर? सुई जागची हललीच नाही? नवशिक्याला वाटतं, वा, काय झकास इंजिन आहे! इथे मात्र थांबायचं.

घरातला स्विच बंद केला की तार तुटते, वीज थांबते. मॅग्नेटोचं बरोब्बर उलट. तो ‘बंद’ करायचा म्हणजे त्याची कॉइल एका तारेने इंजिनाच्या धातूला जोडून टाकायची, वीज तिकडे निघून जाते. म्हणजे ती तार तुटली किंवा सैल झाली, की मॅग्नेटो कायमचा चालू. किल्ली तुमच्या खिशात असली तरी चालू! ‘राइट’वर आल्यावर डावा बंद व्हायला हवा होता, तो झालाच नाही, म्हणून घट नाही. दुसरं कारण म्हणजे टायमिंग मुद्दाम किंवा चुकून पुढे सरकवलेलं, तेही वाईटच. पण जीव घेणारी ती तुटकी तार.

कारण इंजिन बंद आहे म्हणून कुणीतरी बिनधास्त पंखा हाताने सरकवतं. मॅग्नेटोत एक स्प्रिंगचा तुकडा असतो, इम्पल्स कपलिंग. पंखा हळू फिरवला की ‘टक्क’ असा आवाज येतो ना, तो त्याचाच. सुरू करताना इंजिन मंद फिरतं, तेव्हाही ठिणगी जोरदार पडावी म्हणून तो स्प्रिंग ताणून चुंबकाला झटका देतो. म्हणजे हाताने अर्धा फेरा पुरतो. सिलिंडरमध्ये जरासं पेट्रोल उरलेलं असलं, की पंखा फिरलाच, आणि हात तिथेच. म्हणूनच जुन्या काळी पंखा हाताने फिरवणारा मोठ्याने ‘स्विच ऑफ’ ओरडायचा, कॉकपिटमधून तेच उत्तर ऐकायचा, आणि तरीही पंख्याच्या वाटेत उभा राहायचा नाही.

तपासायला दोन सेकंद लागतात. उड्डाण संपल्यावर, इंजिन अगदी मंद चालू असताना, किल्ली क्षणभर ‘ऑफ’ला न्यायची. इंजिन मरायला लागलं पाहिजे. मरायला लागलं की लगेच परत ‘बोथ’, आणि मग नेहमीसारखं मिश्रण तोडून बंद. चालतच राहिलं, तर पंख्यावर पाटी लावायची, मेकॅनिकला बोलवायचं, आणि तो तार बघेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही.

पुढच्या भागात कार्ब्युरेटरमध्ये भर उन्हाळ्यात बर्फ कसा होतो ते बघू.