धरावा कोणता, सोडावा कोणता?

जऊळका हें वाशीम जिल्ह्यांतील, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचें गांव. मृगाचा पाऊस होऊन वऱ्हाडांतील अशा गांवांचे ओढे-नाले वाहूं लागले, म्हणजे उन्हाळाभर डोहांत कोंडून राहिलेल्या माशांपैकीं अनेक जाती प्रवाहाविरुद्ध वर जाऊं लागतात. यांसच चढणीचे मासे म्हणतात. या दिवसांत मासा उथळ पाण्यांत येतो, म्हणून तो धरणें सर्वांत सोपें. आणि याच दिवसांत माद्यांचें पोट अंड्यांनीं भरलेलें असतें, म्हणून तो धरल्यानें होणारी हानिहि सर्वांत मोठी. मरळ हा मासा चढणीचा नव्हे, तो संथ पाण्यांत विणारा. परंतु अंडीं फुटल्यावरहि तो पिलांची राखण करीत राहतो. पाण्याच्या पृष्ठभागाशीं पिलांचा तांबूस थवा हलतांना दिसला, कीं खालीं मायबाप आहेत हें जाणता भोई तत्काळ ओळखतो. ज्या ज्ञानानें मासा सांपडतो, त्याच ज्ञानानें तो वांचवितांहि येतो. कोणता मासा धरावा आणि कोणता सोडावा, या निवडीचा इतिहास म्हणूनच लक्षांत घेण्याजोगा आहे.

या बाबतींतील आपल्या देशांतला फार जुना लेखी नियम सम्राट अशोकाचा होय. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या आपल्या पांचव्या स्तंभलेखांत त्यानें अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. त्याच लेखांत चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, तिच्या आगेमागेचे दिवस आणि उपोसथाचे दिवस नेमून, त्या दिवशीं मासा मारूं नये व विकूंहि नये अशी आज्ञा आहे. विदर्भांतहि या वृत्तीचा एक शिलारूप पुरावा उपलब्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथील शिळेवर ब्राह्मी लिपींत प्राण्यांस पकडूं व मारूं नये अशा अर्थाची आज्ञा कोरलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ती अशोकाच्या काळची मानली. पुढें त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख खोदला गेला. देवटेकच्या लेखांत माशांचा निराळा उल्लेख नाहीं. परंतु जीव राखण्याची राजाज्ञा या प्रांतीं पोंचली होती, एवढें त्यावरून दिसतें. अशोकाच्या नियमाचें वैशिष्ट्य असें, कीं त्यानें माशांपुरती मर्यादा घातली ती मुख्यतः काळाची. अमुक दिवशीं नको, हें त्याचें सांगणें. अवध्य प्राण्यांच्या यादींत मात्र कांहीं मासेहि आहेत.

माशांची जातवार ओळख विस्तारानें सांगणारा ग्रंथ मिळतो तो इसवी सनाच्या बाराव्या शतकांत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सुमारें ११२९ ते ११३१ या काळांत रचला गेला. शंभर अध्यायांच्या या कोशवजा ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणतें आमिष रुचतें, गळाची काठी व दोर कसे असावेत, हें सारें त्यांत सांगितलें आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें या प्रकरणाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. राजाचा हेतु करमणुकीचा खरा. परंतु करमणुकीसाठीं कां होईना, पाण्यांतील प्रत्येक जीवास त्याच्या नांवानें ओळखलें पाहिजे, ही दृष्टि या प्रकरणांत आहे.

राजांच्या आज्ञा राज्यांबरोबर गेल्या. लोकांनीं मात्र आपली एक निराळी मर्यादा घालून ठेवली, ती स्थळाची. रायगड जिल्ह्यांत महाड तालुक्यांतील वाळण कोंड येथें देवीच्या डोहांतील मासे कोणी धरीत नाहीं. पालघर जिल्ह्यांत वाडें तालुक्यांतील तिळसे येथें महादेवाच्या देवळाशीं वैतरणेंत असेच मासे राखलेले आहेत. भाविक त्यांस खाऊं घालतात. या डोहांत महाशीर मासे निर्धास्त वावरतात. डोहाबाहेर धरण्यास मोकळीक आणि डोहांत पूर्ण अभय, ही व्यवस्था साधी आहे. तिला पहारेकरी लागत नाहीं.

इंग्रजी अमलांत या प्रश्नास शास्त्र आणि कायदा यांचें रूप आलें. लेफ्टनंट कर्नल सायक्स यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यानें पुष्कळ माशांस येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील महाशीर ‘खुद्री’ या नांवानें, तर दुसरा एक मासा ‘शिंगटी’ या नांवानें शास्त्रांत दाखल झाला. पुढें फ्रान्सिस डे या अधिकाऱ्यानें गोड्या पाण्यांतील मासेमारीवर १८७३ मध्यें अहवाल लिहिला. बारीक विणीच्या जाळ्यांनीं आणि शेतांतल्या सांपळ्यांनीं पिलांचा किती संहार होतो, हें त्यानें सरकारच्या नजरेस आणलें. अखेर १८९७ चा चौथा कायदा झाला. सुरुंगाच्या दारूनें किंवा विष कालवून मासे मारणें त्यानें गुन्हा ठरविलें. जाळ्यांचा प्रकार व आकार ठरविण्याचा, तसेंच एखादें पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीस बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. ही मर्यादा साधनाची होती.

याहून निराळी, आकाराची मर्यादा कशी बसली, हें पाहण्यास अमेरिकेकडे वळावें लागतें. तेथील पट्टेरी बास हा मासा समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यास नद्यांत चढतो. १६३९ मध्येंच मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें हा मासा शेतांत खत म्हणून घालण्यास बंदी केली होती. १९४१-४२ च्या सुमारास दक्षिण कॅरोलायनांत सँटी व कूपर या नद्यांवर धरणें झालीं, तेव्हां कांहीं बास वरच्या जलाशयांत अडकले. ते मरतील अशी अपेक्षा होती. परंतु ते गोड्या पाण्यांतच नांदूं व विऊं लागले, आणि तेथून त्यांची पैदास इतर तळ्यांत नेण्यांत आली. समुद्रकांठच्या बासची संख्या मात्र पुढें इतकी घटली, कीं १९८४ मध्यें अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला. लहान मासा सोडावा, हें तेथें पूर्वींपासून मान्य होतें. मोठी मादी लहान मादीहून कितीतरी अधिक अंडीं घालते, हें ध्यानीं घेऊन पुढें मोठाहि सोडावा असें ठरलें. अटलांटिक किनाऱ्यावर आज ठराविक किमान व कमाल लांबींमधलाच मासा ठेवण्याची मुभा आहे. ज्या मोठ्या माशाचा गळ टाकणारास सर्वांत अभिमान, तोच त्यानें परत पाण्यांत सोडावयाचा.

महाराष्ट्रांत याच सुमारास एक मोठा प्रयोग झाला. लोणावळ्याच्या वळवण तलावाशीं टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महाशिराची पैदास सुरू केली. मादीचीं अंडीं हलक्या हातानें काढून घ्यावयाचीं, तीं फळवावयाचीं आणि मादीस पुन्हां पाण्यांत सोडावयाचें, अशी ही रीत. येथील पिलें दूरदूरच्या नद्यांत धाडण्यांत आलीं. त्यांत कावेरीहि होती. परंतु कावेरींत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर पूर्वींपासून होता. लोणावळ्याचा वंश तेथें इतका फोफावला, कीं मूळचा मासा दिसेनासा होत चालला. हें उघडकीस आलें तें तेथें मासे धरून सोडणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदींवरून. १९९८ ते २०१२ या काळांतील या नोंदींत एका जातीची चढती आणि दुसरीची उतरती संख्या स्पष्ट दिसली. मूळच्या माशाचें शास्त्रीय नांव निश्चित झालें तें २०१८ मध्यें, आणि त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत गेला. शेंदीडशें वर्षें गळ टाकणारांनीं ज्याची थोरवी गाइली, त्याचें नांव ठरेपर्यंत तो नाहींसा होण्याच्या बेतास आला होता.

काळ, स्थळ, साधन आणि आकार या चारहि मर्यादा आपापल्या जागीं योग्यच आहेत, आणि एकीनें दुसरीचें काम भागत नाहीं. धरणाच्या भिंतीनें चढण अडली, तर सोडलेली मादीहि विण्याच्या जागीं पोंचत नाहीं. कावेरीच्या हकीकतींत तर एकाच प्रांताचा वांचविलेला मासा दुसऱ्या प्रांताच्या माशास भारी पडला. तेथें हेतूंत कांहींच उणें नव्हतें. उणी पडली ती ओळख. सायक्सनें कोळ्या-भोयांच्या तोंडचीं नांवें टिपून घेतलीं, त्यांतील अनेक आज त्या समाजाच्याहि विस्मरणांत चाललीं आहेत. नदीकांठच्या शाळांनीं आपल्या पाण्यांतील माशांचीं नांवें जाणत्या म्हाताऱ्यांस विचारून वहींत उतरून ठेवलीं, तर पुढें कोणता सोडावा हें ठरविणारांस तीच वही प्रथम लागेल.