किती किल्ले घेतले, एवढंच मोजायचं का?

मित्रमैत्रिणींनो, संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिला प्रश्न येतो: मोजायचं काय? आपण विज्ञानवाले पटकन आकड्याकडे धावतो. म्हणून आज उदाहरण घेऊया औरंगजेबाच्या किल्ले-मोहिमेचं (१६९९–१७०५).

मराठ्यांच्या गनिमी काव्याला दोन आधार होते. एक, डोंगरी किल्ले. तिथे धान्य, दारूगोळा सुरक्षित राहायचा. दुसरा, मोकळं फिरणारं घोडदळ, जे मुघलांची रसद मारायचं. बादशहाने पहिल्या आधारावर घाव घातला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, एकेक करत सगळे पडले. किल्ले हाच निकष धरला, तर मोहीम यशस्वी!

आता निकष बदलून बघा. साताऱ्याला वेढा चार महिन्यांहून जास्त चालला आणि सुरुंगाचा तट बाहेरच्या बाजूला कोसळून मुघलांचीच माणसं दगावली. विशाळगडाला सहाएक महिने गेले, शेवटी पैसे मोजून तो ताब्यात आला. परतताना पावसाने असे हाल केले की तीसेक मैलांना महिन्याहून जास्त लागला.

असं का झालं? वेढा म्हणजे एका जागी अडकलेलं प्रचंड सैन्य. त्याला रोज धान्य, वैरण लागते आणि ती लांबून येते. म्हणजे वेढा जितका लांबेल, तितकी रसदेची वाट उघडी पडते. धनाजी जाधवांसारख्या सरदारांना नेमकं हेच हवं होतं. शिवाय मराठी फौजा फक्त किल्ल्यांवर जगत नव्हत्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे थेट माळव्यात पोचले. थोडक्यात, तोडायची होती मराठ्यांची रसद, पण ताण आला मुघलांच्या रसदेवर.

साधनंही इथे महत्त्वाची ठरतात. ‘मासिर-इ-आलमगिरी’ हा दरबारी वळणाचा इतिहास; त्यात विजय ठळक दिसतात. मुघल छावणीतच नोकरी केलेल्या भीमसेन सक्सेनाच्या लिखाणात छावणीचे हालही दिसतात. एकच साधन वाचलं, तर तुमचा निकष त्या लेखकाने आधीच ठरवलेला असतो.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो साताऱ्यात. म्हणून आपल्या आराखड्यात ‘किती मिळवलं’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा: ‘कितीला पडलं’ आणि ‘किती टिकलं’.