फिरती पात्रनिवड

फिरती पात्रनिवड : अल्पखर्ची चित्रपटासाठी कलावंत शोधण्याची पद्धत. येथे कलावंताला निर्मितीसंस्थेच्या कार्यालयात बोलावले जात नाही. दिग्दर्शक किंवा त्याचा सहायक मोबाइल घेऊन गावी, वस्तीत, शाळेत, तालमीच्या जागी जातो आणि तिथेच चाचणी घेतो. पात्रनिवड संचालकाचे मानधन, स्टुडिओचे भाडे, कलावंतांचा प्रवास आणि मुक्काम हे सगळे खर्च यात टळतात. मात्र पैशाच्या जागी वेळ द्यावा लागतो, आणि तो पुष्कळ लागतो. ज्यांनी तो दिला नाही त्यांच्या चित्रपटांतले नवखे चेहरे नवखेच दिसले.

पद्धतीचे नाव अलीकडचे असले तरी काम जुने आहे. 1912 मध्ये दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते तेव्हा तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी हेरले. रोहिदासाच्या भूमिकेला घरचाच मुलगा, भालचंद्र, उभा राहिला. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

मराठीत या पद्धतीला आजचे रूप दिले ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी. ‘फँड्री’चा जब्या, सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केम गावात हलगी वाजवताना त्यांना दिसला. या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ची रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती, तर कुस्ती खेळणारा आकाश ठोसर रेल्वे स्थानकावर मंजुळे यांच्या भावाच्या नजरेस पडला. रिंकूच्या पात्राची, आर्चीची, बोली कुणाला शिकवावी लागली नाही, ती रिंकूची रोजचीच होती. शहरी अभिनेत्रीला सोलापुरी हेल शिकवण्यात महिने गेले असते, आणि तरीही तो उसनाच वाटला असता. चैतन्य ताम्हाणे यांची वाट जराशी वेगळी. ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे साकारायला त्यांनी चळवळीत आयुष्य घालवलेले वीरा साथीदार घेतले. ‘द डिसायपल’मध्ये नायकाच्या भूमिकेला आदित्य मोडक आणि गुरूच्या भूमिकेला अरुण द्रविड हे प्रत्यक्ष शास्त्रीय गायक निवडले, कारण तानपुऱ्यापुढे बसण्याची ढब उसनी आणता येत नाही.

दक्षिण बंगळूर : या पद्धतीला शहरात आधार लागतो तो हौशी रंगभूमीचा. उदाहरणार्थ, बंगळूरमध्ये तो जयनगर आणि त्याच्या शेजारच्या वस्त्यांत एकवटलेला आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच वसवलेल्या जयनगरात नॅशनल कॉलेजचे एच. एन. कलाक्षेत्र आहे, हनुमंतनगरात के. एच. कलासौध, आणि जयनगरला लागून असलेल्या जे. पी. नगरात 2004 मध्ये उघडलेले रंगशंकरा. रंगशंकरा उभे केले ते अरुंधती नाग यांनी. त्या आणि त्यांचे पती शंकर नाग, दोघेही मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले. कन्नड समांतर चित्रपटाचा पायाच मुळी अशा नाटकातल्या मंडळींनी घातला. 1970 च्या ‘संस्कार’मध्ये गिरीश कर्नाड, पी. लंकेश आणि स्नेहलता रेड्डी पडद्यावर आले ते नाटक आणि साहित्याच्या वर्तुळातून. आजही कमी पैशांत लघुपट करू पाहणारा या भागातला तरुण आधी नाटकाच्या प्रयोगाला जातो आणि प्रयोग संपल्यावर नटांना गाठतो. पोर्टफोलिओ पाहण्यापेक्षा हे केव्हाही खात्रीचे, कारण माणूस दोन तास रंगमंचावर उभा राहू शकतो की नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसलेले असते.

पण नाट्यगृहातली कन्नड शहरी. खेड्याची कथा असेल तर शहर सोडावेच लागते. बंगळूरचे राम रेड्डी ‘तिथी’साठी मंड्या जिल्ह्यातल्या नोदेकोप्पलू या गावी गेले. सहलेखक एरे गौडा यांना हे गाव ओळखीचे असल्याने दारे उघडली. भूमिका गावकऱ्यांनीच केल्या, आणि माणसे सापडत गेली तशी पटकथा त्यांच्या अंगाने वळवली गेली. 2015 मध्ये लोकार्नो महोत्सवात या चित्रपटाला नव्या दिग्दर्शकांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

कार्यरीती : मोबाइल आडवा धरून, खिडकीच्या उजेडात, भिंतीपासून थोडे पुढे उभे करून चाचणी घेतात. आधी नाव, वय, गाव. मग समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. पंखा बंद करतात, नाहीतर आवाजाचा पोत कळत नाही. लिहिलेला संवाद लगेच हातात देणे ही सर्रास होणारी चूक. कागद दिला की मूल पाठांतराच्या सुरात बोलते. त्यापेक्षा ‘पोळ्याला बैल कसे सजवता ते सांग’ असे विचारावे. सांगता सांगता हात हलू लागतात, समोरचा फोन विसरला जातो, आणि हवा असतो तो नेमका हाच क्षण. पुढच्या फेरीत दोघांना एकत्र उभे करून भांडायला लावतात. एकमेकांचे ऐकून उत्तर देणारा निवडावा, आपली पाळी येण्याची वाट पाहणारा सोडावा. निवडीनंतरची कार्यशाळा पैसे वाचवण्यासाठी गाळू नये. व्हॉट्सॲपवर मागवलेल्या क्लिप पहिल्या चाळणीला उपयोगी पडतात, अंतिम निवडीला नाही.

जबाबदारी : या पद्धतीची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाजू. बंगळूरहून पळून मुंबईच्या फुटपाथवर राहणारा शफीक सय्यद हा मुलगा मीरा नायर यांना ‘सलाम बॉम्बे’साठी मिळाला. नाट्यशिक्षक बॅरी जॉन यांनी रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली आणि त्यातून शफीक मुख्य भूमिकेत आला. 1988 मध्ये चित्रपटाला कान महोत्सवात कॅमेरा द’ऑर मिळाला, शफीकला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार. त्यानंतर मात्र कामे आली नाहीत. ते बंगळूरला परतले आणि रिक्षा चालवून त्यांनी संसार केला. चित्रपटाच्या उत्पन्नातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, रस्त्यावरच्या अनेक मुलांना त्याने आधार दिला, आणि हे फार थोड्या निर्मात्यांनी केले आहे. तरीही मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाच्या पुढच्या आयुष्याची तजवीज करारातच हवी, हा धडा आपल्या चित्रपटसृष्टीने पुरता घेतलेला नाही.

कायद्याने काही तरतुदी केल्या आहेत. बालकामगार कायद्याखालील 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग 27 दिवसांहून अधिक काम करवता येत नाही. दर 5 मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. चित्रपट दोन कोटींचा असो की दोन लाखांचा, हे नियम सारखेच लागू आहेत. गावात फोन घेऊन कुणी आले आणि मुलाला चित्रपटात घेतो म्हणाले, तर पालकांनी ती परवानगी दाखवायला सांगावी. आणि चाचणीसाठी कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत.