वास्को द गामाचा धडा

‘वास्को द गामा यानें इ. स. १४९८ मध्यें हिंदुस्थानचा शोध लावला’ हें वाक्य माझ्या शिक्षकी आयुष्यांत मीं किती मुलांच्या तोंडून ऐकलें, याची गणती नाहीं. पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘हिंदुस्थानास येण्याच्या जलमार्गाचा शोध’ असेंच छापलेलें असतें. पण परीक्षेच्या घाईंत मार्ग गळून पडतो आणि देशच काय तो सांपडलेला उरतो!

हा एकच धडा निरनिराळ्या शाळांतून किती निरनिराळ्या रीतीनें शिकविला जातो, हें पाहण्यासारखें आहे. पोर्तुगालांत तो राष्ट्राचा पोवाडाच होय. कवि कामोंइश याचें या सफरीवरील महाकाव्य १५७२ सालींच प्रसिद्ध झालें. तेव्हां तेथील शिक्षकास वीररसाची वाण कधींच पडली नाहीं. गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीज शाळांत जाणारीं मुलें हाच इतिहास आपल्या देशाचा म्हणून शिकत. ब्रिटिश अमदानींतील पुस्तकांत वास्को म्हणजे इंग्रजांच्या आगमनाची प्रस्तावना. तो थोडक्यांत उरकावयाचा. केरळांतील मुलाच्या कानीं मात्र वास्कोच्या पाठोपाठ पोर्तुगीजांशीं समुद्रावर झुंजलेल्या कुंजाली मरक्कारांचें नांव पडतें.

आतां, बहुतेक धड्यांत जें गळतें तें पाहूं. ८ जुलै १४९७ रोजीं लिस्बनहून निघालेलीं गलबतें आफ्रिकेस वळसा घालून पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीस आलीं. तेथील राजानें त्यांस एक वाटाड्या दिला. २४ एप्रिल १४९८ रोजीं शिडें उभारलीं आणि सुमारें २३ दिवसांत मलबारचे डोंगर दिसूं लागले. हा वाटाड्या कोण? कोणी त्यास गुजराती म्हणतात, तर कोणी अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद म्हणतात. या दुसऱ्या मतास अलीकडील संशोधक मान्यता देत नाहींत. कोणी कां असेना, त्यास वारा ठाऊक होता. परततांना ऑक्टोबरच्या आरंभीं, अनुकूल वारे सुरू होण्यापूर्वींच, वास्को कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडण्यास जवळजवळ तीन महिने लागले, आणि हिरड्या सुजून सुमारें तीस खलाशी मेले! कोकणांतील कोणत्याही नाखव्यास विचारा, ऋतूविरुद्ध होडी लोटण्याचें फळ तो सांगेल. या दोन प्रवासांचे दिवस फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहिले, तर ‘शोध’ या शब्दाचा अर्थ मुलांस वेगळा सांगावाच लागत नाहीं.

दुसरी गोष्ट भेटवस्तूंची. सामुद्री राजास देण्यासाठीं वास्कोनें बारा कापडाचे तुकडे, कांहीं टोप्या, सहा हात धुण्याचीं भांडीं, साखर, तेल आणि मध काढून ठेवला. तें पाहून राजाचे अधिकारी हंसले. हें त्या सफरींतील एका पोर्तुगीजाच्याच रोजनिशींत आहे.

तिसरी गोष्ट मुलांस सांगतांना जीभ अडखळते. १५०२ सालच्या दुसऱ्या सफरींत वास्कोनें मक्केहून परतणारें यात्रेकरूंचें ‘मीरी’ नांवाचें जहाज बायकामुलांसह जाळलें. तोमे लोपिश या पोर्तुगीजानें स्वतः पाहून ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती कोणा शत्रूची कुभांडें नव्हेत. तरी पोवाड्याच्या धड्यांत तिला जागा कोठून असणार? उलट, केवळ हेंच जहाज सांगून थांबणारा शिक्षकही मला अपुरा वाटतो. त्याच्या मुलांस तो वाटाड्या आणि तो मोसमी वारा कधींच भेटत नाहीं.

१९९८ सालीं या घटनेस पांचशें वर्षें झालीं, तेव्हां लिस्बन येथें टेगस नदीवरील नव्या भव्य पुलास वास्कोचें नांव देण्यांत आलें. इकडे केरळांत व गोव्यांत निषेध झाले. गोव्यांतील शहर मात्र अद्याप वास्कोच म्हणविलें जातें, आणि तेथील मुलें मोटारगाडीच्या पाटीवर तें नांव वाचून शाळेस जातात.